देवणीच्या डागांची कड

माझी थोरली बहीण माझ्यापेक्षा चांगली रंगवते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या प्रत्येक कौतुकासाठी माझ्याजवळ एक कारण तयार असायचं. ती मोठी आहे म्हणून, ती बीडला राहते म्हणून, तिच्याकडे चांगली हत्यारं आहेत म्हणून. ही कारणं मला बरीच वर्षं पुरली. एका दुष्काळात, फूटभर लांबीच्या एका गाईपुढे उभी असताना, ती कारणं संपली.

आमचे वडील सहकारी दूध संघात होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. केजपासून नेकनूरपर्यंतच्या गावांमध्ये फिरून ते जनावरांना लसी टोचायचे, अडलेल्या गाई सोडवायचे. सुट्टीच्या दिवशी आम्हा दोघींना सायकलवर बरोबर न्यायचे. ताई पुढे नळीवर आणि मी मागे कॅरिअरवर. नळीवर बसणाऱ्याला दादांचं सगळं बोलणं ऐकू यायचं. हे जनावर कुठल्या जातीचं, त्याचं कपाळ कसं, वशिंड कसं. मागे बसणाऱ्याला घामानं भिजलेली त्यांची पाठ दिसायची. पुढे आम्ही दोघींनी चित्रकलेचा डिप्लोमा केला. मी केजच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागले. ताईनं नोकरी सोडून बीडला स्वतःचं काम काढलं. पावसाळ्याआधी गणपती आणि बाकीच्या दिवसांत प्रदर्शनांसाठी लहान प्रतिकृती: धरणं, साखर कारखाने, ठिबकचे मळे.

आई गेल्यावर दादा माझ्याकडे राहायला आले. ताईनंही बोलावलं होतं, पण ते माझ्याकडे आले. त्याचा मला किती आनंद झाला, ते मी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा पाऊस झाला नव्हता. माघ सरायच्या आत विहिरी तळाला गेल्या. ऊस उभाच वाळला आणि जो थोडा हिरवा होता तो तोडून चारा छावणीतल्या जनावरांना गेला. केजच्या बाजारात आठवड्याला ट्रक भरभरून जनावरं बाहेर जात होती. संघाच्या गाडीत दुधाचे कॅन कमी आणि मोकळ्या कॅनचा खडखडाट जास्त. संघाच्या अध्यक्षांनी ठरवलं, की वार्षिक सभेला आपल्या भागातल्या देशी जनावरांचं प्रदर्शन मांडायचं. खरी जनावरं उन्हात आणून उभी करणं शक्य नव्हतं, म्हणून प्रतिकृती. लोकांनी निदान बघावं तरी, की आपण काय विकून बसतोय.

काम अर्थातच ताईला मिळालं. तिनं मला फोन केला.

“साचे मी काढते, बॉड्या ओतून देते. माझ्यानं सगळ्याचं रंगकाम व्हायचं न्हाई. लाल कंधारी वळू तू घे. आणि एक देवणी गाय बी घे. देवणी मी पण करणार हाय. त्यातली जी चांगली होईल ती अध्यक्ष म्होरं ठेवतील.” फोन ठेवता ठेवता म्हणाली, “जमंल ना?”

त्या ‘जमंल ना’नं मला आठवडाभर पोळलं.

बॉड्या आल्या. फायबरच्या, खऱ्याच्या एक पंचमांश, पांढऱ्या प्रायमरच्या. ताईनं कानांचा लोंबता आकार, कपाळाचा फुगवटा, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीच्या वळ्या इतक्या बरोबर उतरवल्या होत्या की मला आधी त्याचाच राग आला. मी शेजारच्या मोटारसायकल गॅरेजमधला छोटा कॉम्प्रेसर मागून आणला, माझा एअरब्रश जोडला आणि मागच्या पडवीत टेबल मांडलं.

लाल कंधारीचं मला भय नव्हतं. देवणीचं होतं. देवणी पांढरी असते आणि तिच्या अंगावर मोठे काळे डाग असतात. डाग रंगवणं सोपं आहे. मास्किंग टेप लावायची, डागाच्या आकाराची जागा उघडी ठेवायची, काळा मारायचा, टेप काढायची. मी तसंच केलं. टेप निघाली तेव्हा कड सुरीनं कापल्यासारखी लखलखीत आली. मला फार समाधान वाटलं. दादांना बोलावलं.

दादा चष्मा लावून वाकले. बराच वेळ बघत राहिले.

“नकाशा हाय,” ते म्हणाले.

“काय?”

“तालुक्याचा नकाशा काढल्यावानी दिसतंय. गाईच्या अंगावर अशी हद्द नसती, माय. काळं कुठं संपलं आन्‌ पांढरं कुठं लागलं ते बोट ठिवून दावता येत न्हाई.”

मी ती बॉडी पॉलिश पेपरनं घासून पुन्हा पांढरी केली.

मऊ कड काढायची तर झाकण अंगाला चिकटता कामा नये. ते थोडं वर उचललेलं हवं, म्हणजे फवारा त्याच्याखाली जरासा शिरतो आणि रंग विरत जातो. एवढं मला पुस्तकी माहीत होतं. मी वर्तमानपत्राचे कागद हातानं फाडून त्यांच्या दातेरी कडा वापरल्या. त्यांच्याखाली काडेपेटीच्या काड्यांचे तुकडे ठेवून कागद उचलला. फवाऱ्याच्या हवेनं कागद फडफडायचा आणि डागाला दुहेरी कड यायची. मग कापूस लावून बघितला, तर त्याचे तंतू रंगात चिकटले. मग कणकेच्या सुरळ्या वळून डागाभोवती ठेवल्या. त्या उन्हाळ्यात कणीक बघता बघता वाळून तडकली, आणि दुपारी परत आले तर गाईच्या पाठीवर मुंग्यांची रांग.

उन्हाचा आणखी एक त्रास होता. हवा इतकी कोरडी की रंग गाईपर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळायचा आणि पिठासारखा बसायचा. लोडशेडिंगमुळे कॉम्प्रेसर मिळेल त्या वेळी चालवायचा, आणि वीज नेमकी भर दुपारी यायची. दादा ओट्यावर बसून हे सगळं बघत. काही बोलत नसत. मला वाटे, ते मनात ताईच्या कामाशी ताडून बघतायत. त्यांनी ताईचं काम अजून बघितलेलं नाही, असं मी समजत होते, तरीही.

एके सकाळी दादा म्हणाले, “बीडला डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊन येतो.” मी सोबत येते म्हटलं, तर म्हणाले, “तुझी शाळा हाय. मी जातो यष्टीनं.” संध्याकाळी परत आले ते खुशीत होते. डॉक्टर काय म्हणाले विचारलं, तर “थेंब दिलेत” एवढंच.

पुढच्या रविवारी मीच दादांना घेऊन बीडला ताईकडे गेले. निमित्त रंग आणायचं होतं. खरं कारण म्हणजे तिची देवणी कुठवर आली ते मला बघायचं होतं.

ती तयार होती. खिडकीजवळच्या फळीवर उभी होती.

मी आत पाऊल टाकलं आणि तिथंच थांबले. डाग काळे होते, अंग पांढरं होतं आणि दोन्हींच्या मध्ये एक निळसर राखाडी सावली होती, बोटाच्या नखाएवढी रुंद. ती कड नव्हतीच. कातडीखालून काहीतरी वर येतंय असं वाटत होतं. माझ्या गाईवर जेवढं थोडंफार विरलेलं साधलं होतं ते तपकिरी, धुरकट होतं, चुलीजवळच्या भिंतीसारखं. हिचं निळं होतं.

दादा पुढे झाले. त्यांनी हात लांबवला आणि दोन बोटांनी त्या फायबरच्या गाईचा गळा खालून खाजवला. आमच्या घरी एक देवणी होती, माझ्या लहानपणीच्या दुष्काळात विकलेली. तिला असंच खाजवलेलं आवडायचं. दादा तिला ज्या नावानं हाक मारायचे ते नाव त्यांनी घेतलं, अगदी हळू, जणू खोलीत दुसरं कुणी नाही.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला रडू आलं नाही. ते नाव माझ्या गाईपुढे घेतलं जायला हवं होतं. दादा माझ्या घरी राहतात, माझ्या हातची भाकरी खातात, मी त्यांची औषधं बघते, आणि हे त्यांनी तिच्या फळीपुढे उभं राहून केलं.

“कशी झालीय?” ताईनं मला विचारलं.

“बरी झालीय,” मी म्हणाले.

कसं केलंस, हे विचारायला जीभ उचलली नाही. तिनंही सांगितलं नाही. “चहा ठिवते,” म्हणून ती आत गेली. तेवढ्यात मी तिच्या टेबलावर नजर फिरवली. साहित्य सगळं आवरून ठेवलेलं. मला वाटलं, मुद्दाम.

परत येताना एस.टी.त मी दादांना म्हणाले, “मला खरी देवणी दाखवा. जवळून.”

ते जरा चाचरले. “बघितल्यात की तू लई.”

“तेव्हा बघायचं म्हणून बघितलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही जीपनं लिंबागणेशच्या बाजूला एका छावणीवर गेलो. माळावर शेडनेटच्या सावलीत जनावरांच्या रांगा, कडेला पाण्याचा टँकर, त्याच्या गळतीखाली कुणीतरी लावून ठेवलेली घमेली. उसाच्या कांड्या करकरा चावायचा एकच आवाज सगळीकडे. दादांना तिथं बरेच जण ओळखत होते. ते मला एका टोकाला घेऊन गेले. तिथं एक म्हातारी बाई आपल्या देवणीजवळ बाज टाकून राहत होती. घर गावात होतं, पण गाय इथं म्हणून तीही इथंच.

गाईची बरगडी दिसत होती. पण डाग तसेच काळेभोर होते. मी बसले आणि एका डागाच्या काठावर हात ठेवला. केस उलट्या बाजूनं हळूच सारले. तेव्हा दिसलं. डागाच्या काठाला केस पांढरे होते, पण त्यांच्याखालची कातडी काळी होती. काळ्या कातडीवर पांढऱ्या केसांचा पातळ थर. तोच तो निळा रंग. काळ्यावरून पांढरं गेलं म्हणून निळं. मी मात्र आजवर पांढऱ्यावर काळं मारत होते. उलटं करत होते म्हणून तपकिरी येत होतं.

मला इतका आनंद झाला की मी दादांना दाखवायला वळले. तेवढ्यात ती म्हातारी म्हणाली, “तुमच्या थोरल्या लेकीनं बी असंच केस उलटं सारून बघितलं व्हतं. हितंच बसून. लई येळ बसली व्हती.”

मी दादांकडे बघितलं. ते टँकरकडे बघत होते.

“कवा आलती?” मी म्हातारीला विचारलं.

“झालं की आठ-धा दिस. हेच घेऊन आलते तिला.”

डोळ्याचा डॉक्टर. मी उठले, साडीची धूळ झटकली आणि जीपच्या दिशेनं चालायला लागले. दादा मागून येत होते. जीप भरेपर्यंत आम्ही एका बाभळीखाली उभे राहिलो.

“मला सांगितलं का नाही?” मी म्हणाले.

“तुला राग येतो म्हणून.”

“म्हणजे तुम्ही तिला गुपचूप शिकवलं आणि मला इकडे कणीक वळताना बघत बसलात.”

“मी काय शिकवलं? मला काय येतं रंगातलं? तिचा फोन आलता. म्हणली, दादा, मला देवणी दावा. म्हणून दावली.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “तू कवा इचारलंस? कालच ना. तर आज आणलं.”

“तुम्हीच सांगायचं होतं.”

“कावून? तू मास्तरीण हायस. तुझ्या कामात मी कसा बोलू? एक डाव बोललो, नकाशा म्हणलो, तर चार दिस तू माझ्याशी नीट बोलली न्हाईस.”

ते खरं होतं. त्यामुळे राग कमी झाला नाही, उलट वाढला. घरापर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. जीपमध्ये मला एकच गोष्ट दिसत होती: त्या बाजेशेजारी उकिडवी बसलेली ताई, आणि तिच्या पाठीशी उभे राहून तिला समजावून सांगणारे दादा. पुन्हा तीच नळीवर, मी मागे.

पण कृती हाताशी आली होती आणि मी ती सोडणार नव्हते. घासून पांढरी केलेली बॉडी मी आता काळी केली, डाग असतील तिथं आणि त्यापलीकडे थोडी जास्त. शाळेत मुलांच्या मातीकामासाठी न वाळणारी रंगीत क्ले होती. तिच्या करंगळीएवढ्या जाड सुरळ्या वळल्या, चिकटू नयेत म्हणून टाल्कम पावडरमध्ये लोळवल्या आणि डागांच्या सीमेवर ठेवल्या. सुरळीच्या आतला डाग ओल्या कागदानं झाकला. मग वरून पांढरा. पहिल्या खेपेला मी एअरब्रश तिरका धरला, तर एका बाजूची कड मऊ आणि दुसरीकडची कडक आली. सुरळी गोल असते. फवारा सरळ वरून पडला तरच तो गोलाईच्या खाली दोन्हीकडे सारखा विरत जातो. हे कळायला माझी अर्धी गाय खर्ची पडली. ती पुन्हा काळी केली. आता सकाळी सूर्य वर यायच्या आत काम करायचं, हवेत थोडा दमटपणा असेपर्यंत. त्यासाठी गॅरेजवाल्याकडून बॅटरीवर चालणारा टायरचा पंप आणला. तो धापा टाकत चालायचा, पण चालायचा.

सुरळ्या उचलल्या तेव्हा निळं आलं होतं.

मी दादांना बोलावलं नाही. तेच आले. वाकून बघितलं आणि म्हणाले, “हां. ही गाय हाय.”

मी वाट बघत होते. त्यांनी नाव घेतलं नाही. गळ्याखाली हातही नेला नाही. आंघोळीला पाणी तापलंय का विचारून ते आत गेले.

उरलेल्या दिवसांत मी वळू केला, आणि तो रागात केला. लाल कंधारीचा रंग गडद लाल, पण वशिंड, मान आणि मांड्यांकडे तो काळपट होत जातो. तिथं कड अशी नसतेच, हातभर लांब पसरलेला उतार असतो. सुरळी तिथं उपयोगाची नव्हती. मी पुठ्ठ्याचा एक वाकडा तुकडा कापला, तो डाव्या हातात वळूच्या अंगापासून बोटभर वर धरला आणि उजव्या हातानं फवारत असताना डावा हात सतत हलवत राहिले. पुठ्ठा थांबला की रेघ उमटते, म्हणून थांबायचं नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआपच हलला. खरं तर मनातली धुसफूस हाताला एका जागी राहू देत नव्हती. वळूच्या खांद्यावर लाल काळ्यात बुडत गेला, आणि कुठं ते मलाही दाखवता आलं नसतं.

सभेच्या दिवशी संघाच्या आवारात मंडप होता. पंखे गरम हवा फिरवत होते. लोक भाषणांना कमी आणि प्रतिकृतींना जास्त गर्दी करत होते. पुरुष जात ओळखून वाद घालत होते, बायका पोरांना उचलून दाखवत होत्या. एक शेतकरी देवणीपुढे बराच वेळ उभा राहिला आणि बायकोला म्हणाला, “आपली अशीच व्हती गं, डाव्या डोळ्यावर डाग.” बायको पदरानं तोंड पुसून पुढे गेली.

अध्यक्ष आले. दोन्ही देवणी शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. त्यांनी दोन्हींकडे बघितलं, आणि ताईच्या गाईवर बोट ठेवून माणसांना म्हणाले, “ही म्होरं घ्या.” माझी तालुक्याच्या दूध शीतकेंद्रात ठेवायची ठरली.

दोघींमध्ये फरक काय होता, ते मला तेव्हाही दिसत होतं. तिच्या डागांची सावली सगळीकडे सारखी नव्हती. पोटाकडे रुंद, पाठीवर अरुंद, कानाजवळ जवळजवळ नाही. तिनं प्रत्येक ठिकाणी वेगळ्या जाडीची सुरळी वापरली असणार. माझी सगळीकडे करंगळीएवढी. तिनं छावणीत माझ्यापेक्षा जास्त वेळ काढला होता, एवढंच. मी स्वतःला असं समजावलं, आणि त्यानं काहीही झालं नाही.

आम्ही दोघी दादांकडे बघत होतो. ते कुठल्या गाईजवळ जातात ते दोघींनाही हवं होतं, आणि आपण बघतोय हे एकमेकींना दिसू द्यायचं नव्हतं. दादा मंडपात आले, प्रदर्शनाला एक फेरी मारली, सगळ्यांपुढे सारखाच वेळ थांबले आणि मग संघातल्या जुन्या सोबत्यांबरोबर चहाच्या टेबलाकडे गेले. चाऱ्याच्या भावावर त्यांचं जे बोलणं सुरू झालं ते जेवणापर्यंत संपलं नाही.

गर्दी पांगल्यावर ताई वळूपाशी गेली. मी लांबून बघत होते. ती वाकली, मग दुसऱ्या बाजूनं वाकली. खांद्यावरून बोट फिरवलं, उलटं फिरवलं. उभी राहिली, पुन्हा वाकली. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला. तिच्या फळीपुढे माझा तसाच झाला असणार.

ती माझ्याकडे आली. “खांद्याचं कसं केलंस?”

तिनं विचारलं. इतक्या सहज, जणू मीठ मागतेय. मला तो प्रश्न पुरेपूर चाखायचा होता. मी रंगापासून सुरुवात केली. थिनर किती, हवा किती, वेळ कुठली. ती मान हलवत ऐकत होती. तिला हे सगळं माहीत होतं, हे मला माहीत होतं. शेवटी तिनं माझा हात धरला. “आडोसा कशाचा केलतास ते सांग की.”

“पुठ्ठ्याचा,” मी म्हणाले. “हातात धरून. हलवत राहायचं.”

“हलवत?” ती हसली. “मला का न्हाई सुचलं.”

“देवणीच्या सुरळ्या सगळ्या वेगळ्या जाडीच्या घेतल्यास ना?” मीही विचारलं.

“तू वळखलंस?” तिला खरंच बरं वाटलं. “दादा म्हणले, पोटाला केस लांब असतात, पाठीला आखूड.”

दादा म्हणले. मी फक्त हुंकार दिला.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस बरा झाला. छावण्या उठल्या. संघानं ताईकडून आणखी एक लाल कंधारी वळू करून घेतला, बीडच्या विक्री केंद्रासाठी. मी दूध घ्यायच्या निमित्तानं तिथं गेले. काचेमागे तो उभा होता. खांद्यावरचा लाल काळ्यात बुडत होता, माझ्यापेक्षा हळू, माझ्यापेक्षा खोल. मांडीवर तर मी केला नव्हता असा एक जांभळट उजेड तिनं आणला होता.

मी काउंटरवरच्या माणसाला म्हणाले, “हा माझ्या बहिणीनं केलाय.”

“अस्सं? लई झकास झालाय,” तो म्हणाला. “आन्‌ तुम्ही काय करता?”

“मी शाळेत असते,” मी म्हणाले, पिशवी उचलली, आणि बाहेर येऊन केजच्या गाडीची वाट बघत उभी राहिले. गाडी येईपर्यंत माझा डावा हात पिशवी धरून आपसूक हलत होता. तिनं पुठ्ठा माझ्यापेक्षा वर धरला असेल की खाली, एवढाच विचार डोक्यात चालू होता.